सुवार्ता सांगायची कोणी: तीन दिवसांच्या सभेनं की गावातल्या मंडळीनं?

हिरण्यकेशी_काठ (धागाकर्ता)

सर्वांना सलाम.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे. संकेश्वर-हुक्केरी भागातलं गाव, चौदा घरं, रविवारी चाळीस-पंचेचाळीस माणसं. उपासना एका घराच्या सोप्यात होते. पाळकसाहेब महिन्यातून दोनदा येतात, बाकीच्या रविवारी मी किंवा मंडळीचे दुसरे एक वडील (नेमलेले ज्येष्ठ) वचन सांगतो. मी साखर कारखान्यात नोकरीला आहे, पाळक घडवणाऱ्या सेमिनरीचं तोंड पाहिलेलं नाही. म्हणून इथं विचारतोय.

गेल्या महिन्यात एका मोठ्या शहरातल्या संस्थेची माणसं आमच्याकडे आली. तीन दिवसांची सुवार्ता सभा घेऊ म्हणाले. मंडप, साउंड, गाणारे, बोलणारे सगळे त्यांचे. आम्ही आजूबाजूच्या गावांतून माणसं आणायची. शेवटच्या रात्री जे हात वर करतील त्यांची नावं कार्डावर लिहून घ्यायची आणि कार्डं ते घेऊन जाणार. मी विचारलं, कार्डावरच्या माणसाच्या घरी चौथ्या दिवशी कोण जाणार? ते म्हणाले, ते तुमच्या मंडळीचं काम.

तेव्हापासून माझं मन त्या चौथ्या दिवसातच अडकलंय. कमिटीत दोन तट पडलेत. तरुण म्हणतात, एवढी संधी दारात आली आणि आपण घाबरतोय. म्हातारी माणसं म्हणतात, २०२१ च्या डिसेंबरात, धर्मांतरविरोधी कायद्याच्या वेळी, घरातल्या प्रार्थनासुद्धा दार लावून केल्या, ते इतक्यात विसरलात? मला ना भीतीनं ठरवायचं आहे, ना उत्साहानं. शास्त्र काय सांगतं ते पाहून ठरवायचं आहे. सुवार्ता सांगणं हे कोणाचं काम, आणि मंडळीचा त्यात वाटा केवढा? जाणकारांनी सांगावं.

निवृत्त_मास्तर

धागाकर्ते, प्रश्न फार महत्त्वाचा आहे. मला उमगलं तेवढं लिहितो.

मत्तय २८:१९-२० आपण लहानपणापासून पाठ म्हणतो आणि जोर नेहमी ‘जा’ या शब्दावर देतो. मूळ ग्रीकमध्ये त्या वाक्यातलं मुख्य, आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, ‘शिष्य करा’. जाणं, बाप्तिस्मा देणं, शिकवणं ही तिन्ही त्याला जोडून येतात. जाऊन, बाप्तिस्मा देऊन, शिकवून शिष्य करायचे. आणि शिकवायचं काय? आज्ञापिलेलं सर्व काही ‘पाळायला’. ऐकायला नव्हे, पाळायला. तीन रात्रींत माणूस ऐकू शकतो. पाळायला शिकायचं तर रोज पाळणारी माणसं त्याच्या डोळ्यांसमोर लागतात, म्हणजे मंडळी लागते. ही आज्ञा दिली त्या घडीपासून तिच्यात मंडळी गृहीत आहे, असं मी समजतो.

प्रेषितांच्या कृत्यांत पौल फिरता दिसतो म्हणून आपण फिरत्या सभांना पौलाचा दाखला देतो. तोच पौल १४ व्या अध्यायात काय करतो पाहा. लुस्त्रात त्याला दगडमार झाली, मेला समजून गावाबाहेर ओढून टाकलं. पुढं दर्बेला गेला, तिथून सरळ घरी परतता आलं असतं. तो त्याच लुस्त्रात, इकुन्यात, अंत्युखियात परत गेला. शिष्यांची मनं स्थिर केली, प्रत्येक मंडळीत वडील नेमले आणि मगच पुढं निघाला. थेस्सलनीकाकरांना तो लिहितो, आम्ही तुम्हांला सुवार्ताच नव्हे तर आपला जीवही द्यायला राजी होतो. त्याच्या पुढच्याच वचनात रात्रंदिवस कामधंदा करून कोणावर भार घातला नाही याची आठवण देतो.

आपल्या भागाचा इतिहासही हेच सांगतो. लंडन मिशनरी सोसायटीनं बेळगावात काम सुरू केलं १८२० साली, जोसेफ टेलर यांच्यापासून. १९०४ मध्ये ते मेथडिस्टांकडे गेलं. या मधल्या ८४ वर्षांत आकडे फार मोठे झाले नाहीत. पण त्याच बेळगावात १८३१ साली जन्मलेला एक मुलगा मिशनच्या शाळेत शिकला, पुढं मुंबईला गेला, कैक वर्षं शंका, वाचन आणि घरच्यांचा विरोध यांच्याशी झगडला आणि १८५४ मध्ये त्यानं बाप्तिस्मा घेतला. ते बाबा पदमनजी. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ‘यमुनापर्यटन’चं नाव सगळेच घेतात, पण त्यांचं ‘अरुणोदय’ हे १८८८ चं आत्मचरित्र आपल्या मंडळ्यांत वाचलं जात नाही याचं मला दुःख होतं. एक माणूस विश्वासाला येतो तेव्हा किती माणसं, किती पुस्तकं, किती रात्री त्यामागं असतात हे त्यातून कळतं.

तंबाखूपेठ

मी निपाणीचा. मास्तरांचा मान राखून वेगळं बोलतो.

मी सभेतच विश्वासात आलोय. वीस वर्षं होऊन गेली. विड्यांच्या पानांच्या गाडीवर हमाली करत होतो आणि रोजची मजुरी संध्याकाळपर्यंत दारूत घालत होतो. मैदानात गाणं चाललेलं, म्हणून उभा राहिलो. बोलणारा माणूस कुठला होता मला आजपण ठाऊक नाही. उधळ्या पुत्राची गोष्ट सांगत होता. बाप लांबूनच बघतो आणि पळत सुटतो, तिथं तो आला आणि मी खालीच बसलो. तेव्हापासून दारू नाही. मग आता मला सांगा, ती सभा नसती तर मी कुठल्या मंडळीच्या सोप्यात येऊन बसणार होतो? मला कोण बोलवणार होतं? मंडळीतल्या एकानंसुद्धा मला कधी हाक मारली नव्हती, आणि मंडळी आमच्या गल्लीच्या टोकालाच होती.

आकड्यांबद्दल पण लोक नाक मुरडतात. खरं आकडे शास्त्रात आहेत की. पेन्टेकॉस्टच्या दिवशी तीन हजार विश्वासात आले. पुढं पाच हजार. प्रेषितांच्या कृत्यांत लूकनं मोजून लिहिलंय. मोजण्यात पाप असतं तर त्यानं लिहिलं नसतं.

निवृत्त_मास्तर

तंबाखूपेठ, तुमची साक्ष वाचून डोळे भरून आले. आणि मंडळीनं हाक मारली नाही हा तुमचा बोल आम्ही ऐकून घेतलाच पाहिजे. तो खरा आहे.

तीन हजारांचं मान्य. २:४१ मध्ये तो आकडा आहे. लगेच २:४२ मध्ये ते लोक प्रेषितांच्या शिक्षणात, सहवासात, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत तत्पर असत असं आहे. आकडा आणि सहवास एका श्वासात सांगितलाय. तुमच्या बाबतीत चौथ्या दिवशी काय झालं, ते सांगाल का? माझ्या मते धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

तंबाखूपेठ

सांगतो. चौथ्या दिवशी अंगाला कापरं भरलं, दारू सुटल्यावर भरतं तसं. घरात पडून होतो. गल्लीच्या टोकाच्या त्याच मंडळीतले एक म्हातारे गवंडी आले. सभेत माझ्या मागं उभे होते म्हणे. मला दवाखान्यात घेऊन गेले. मग पंधरा दिवस रोज संध्याकाळी, दारूचं दुकान उघडायच्या वेळेला, माझ्याकडे येऊन बसायचे. बोलायचे फार थोडं. त्यांना अक्षरओळखही बेताचीच होती.

म्हणजे तुमचं पण खरं आहे. खरं दोन्ही लागतंय असं माझं म्हणणं.

अंगणवाडी_ताई

मी उशिरा लिहितेय, आणि थोडं लांब लिहिणार आहे, कारण ज्या गोष्टीबद्दल आपल्या भागात कोणी बोलत नाही ती मला बोलायची आहे. भाषा.

माझं माहेर मराठी, सासर कन्नड. आमच्याकडे हे नवीन नाही, बेळगाव तालुक्यात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. आमची मंडळी मात्र मराठी. गाणी मराठी, वचन मराठी, बायबल मराठी. आणि त्यात बैलहोंगल बाजूच्या एक विधवा आजी आठ वर्षं मागच्या सतरंजीवर बसतात. त्यांना मराठी बाजारापुरतं कळतं. गाणं सुरू झालं की ओठ हलवतात. मीही सहा वर्षं ते पाहिलं आणि काही केलं नाही.

नाताळला आमच्याकडे विधवांना साडी आणि तांदूळ देतात. गेल्या वर्षी माझ्या हातात ती यादी आली. आजींचं नाव नव्हतं. आदल्या वर्षीही नव्हतं. कोणी मुद्दाम वगळलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. यादी करणारे आम्ही सगळे मराठी बोलणारे. ज्या बायकांशी आम्ही उपासनेनंतर बोलत बसतो त्या आमच्या डोळ्यांसमोर आल्या आणि त्यांची नावं आम्ही लिहिली.

त्या रात्री मी प्रेषितांची कृत्ये अध्याय ६ काढला. रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती. अगदी आमचीच यादी. आणि प्रेषितांनी काय केलं? तुम्ही भांडखोर आहात असं त्या लोकांना म्हटलं नाही. भाषेचा प्रश्न मंडळीत आणू नका असंही म्हटलं नाही. सात माणसं निवडायला सांगितली, आणि जी सात निवडली गेली त्या सगळ्यांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची गाऱ्हाणी होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हातात वाटप दिलं. मग सातव्या वचनात लिहिलंय की देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला. मी हे वचन शंभरदा वाचलं असेल, पण आधीच्या सहा वचनांशी ते जोडलेलं आहे हे मला त्या रात्री दिसलं. वाटप सरळ झालं आणि मग वचन पसरलं.

त्या सातांत एक फिलिप्प आहे. तोच पुढं शोमरोनात जातो, तोच रस्त्यावर हबशी षंढाच्या रथाजवळ धावत जाऊन विचारतो की वाचताय ते समजतंय का. आणि २१ व्या अध्यायात त्याला ‘सुवार्तिक फिलिप्प’ म्हटलंय. पौलानं तीमथ्याला सुवार्तिकाचं काम कर असं सांगितलं आहे, पण नाव घेऊन सुवार्तिक म्हटलेला माणूस नव्या करारात हा एकच. भाषेमुळं मागं पडलेल्या विधवांना भाकरी पोचवायला नेमलेला माणूस. सुवार्तिक स्टेजवरून आला नाही, वाटपाच्या पंगतीतून आला.

दुसऱ्या रविवारी मी आजींजवळ जाऊन बसले आणि वचन संपल्यावर विचारलं, “तिळीतेन्री?” म्हणजे समजलं का? त्या म्हणाल्या, नाही. आठ वर्षांत हे त्यांना पहिल्यांदा कोणी विचारत होतं.

धागाकर्त्यांना माझं सांगणं एवढंच. सभा घ्या किंवा घेऊ नका. त्याआधी तुमच्या सोप्यात मागच्या सतरंजीवर कोण बसतंय ते बघा. ज्याला घरात समजत नाही त्याला सोडून आपण बाहेरच्याला काय समजावणार? आणि गंमत बघा, ‘सुवार्ता’ हा शब्द कन्नडमध्ये ‘सुवार्ते’ आहे. एका अक्षराचा फरक.

निवृत्त_मास्तर

ताई, तुम्ही मला शिकवलंत. फिलिप्पाविषयी थोडी भर घालतो. तो यरुशलेमेतून बाहेर पडला तो छळामुळं, आणि तो छळ करण्यात शौल, म्हणजे नंतरचा पौल, पुढं होता. फिलिप्प शेवटी कैसरीयात पोचतो. मग बऱ्याच वर्षांनी २१:८ मध्ये पौल कोणाच्या घरी उतरतो? त्याच फिलिप्पाच्या. तिथं त्याचं घर आहे, चार मुली आहेत, त्या संदेश सांगतात. म्हणजे आपला हा सुवार्तिक गावात राहणारा, घरदार असलेला माणूस होता. आणि ज्यानं त्याला पळायला लावलं त्याच्यासाठी त्यानं अंथरूण घातलं. मला यापेक्षा मोठं सुवार्तेचं काम ठाऊक नाही.

रमाबाईंचंही आठवलं. पंडिता रमाबाईंचा जन्म कर्नाटकातला, १८५८ साली गंगामूळच्या रानातला. पुढं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली, तेही हिब्रू आणि ग्रीक शिकून. भाषांतर आधीही होतं. पण साध्या बायकांना कळेल असं सोपं मराठी त्यांना हवं होतं. समोरच्याला कळतंय का, हा तुमचाच प्रश्न.

गल्लीतला_शेजारी

मी हिंदू आहे. वारकरी घरातला. धागा वाचत होतो, लिहू की नको असं झालं होतं. कोणाचं मन दुखवायचं नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंना साखरेचा आजार. अशाच एका बाहेरगावच्या सभेला गेल्या होत्या. तिथं स्टेजवरून सांगितलं गेलं की विश्वास पक्का असेल तर गोळ्यांची गरज नाही. त्यांनी गोळ्या बंद केल्या. पायाची जखम चिघळली आणि शेवटी दोन बोटं काढावी लागली. सभा घेणारे पुन्हा दिसले नाहीत. मला राग धर्माचा नाही, ह्याचा आहे. आणि पुढचंही सांगायला हवं. काकू दवाखान्यात असताना रोज डबा नेणारी बाई ख्रिस्तीच होती, आमच्याच वाड्यातली. त्या सभेला ती गेलीही नव्हती. तिनं काकूंना धर्माचं काही सांगितलं नाही, आणि आता काकूच तिच्याकडे जाऊन बसतात.

तुम्ही तुमचा देव सांगा. आम्ही आमच्या तुकोबांचं सांगतोच की. फक्त माणूस अडला असेल तेव्हा त्याच्या अडचणीवर बोट ठेवून सांगू नका.

हिरण्यकेशी_काठ

शेजारी, लिहिलंत ते बरं केलंत. काकूंच्या पायाबद्दल वाचून मला रात्री झोप लागली नाही. ज्यांनी ते सांगितलं ते आमचेच म्हणवतात, म्हणून मी तुमची आणि काकूंची माफी मागतो.

शास्त्रात असं कुठंही नाही. लूक स्वतः वैद्य होता, पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. आमच्या शेजारचं मिरज बघा. डॉक्टर वानलेसांच्या मिशन दवाखान्यात प्रार्थना करून ऑपरेशन करायचे. प्रार्थनेमुळं ऑपरेशन टाळलं नाही. आम्ही प्रार्थना करतो आणि प्रभू बरं करतो हा माझा विश्वास आहे, तो मी लपवणार नाही. पण गोळी बंद कर असं सांगण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?

तुम्ही म्हणता ते शेवटचं वाक्य मी कमिटीत वाचून दाखवणार आहे.

कोर्टरोड

वकिली करतो, म्हणून कायद्याचं तेवढं सांगतो. या धाग्यात ते यायला हवं.

घटनेचं कलम २५ आपल्याला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रसाराच्या हक्कात आपली तत्त्वं सांगणं येतं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही.

कर्नाटकाचा धर्मांतरविरोधी कायदा आपल्याच बेळगावात, सुवर्णसौधमध्ये, २३ डिसेंबर २०२१ ला विधानसभेत मंजूर झाला. मे २०२२ मध्ये अध्यादेश आणि सप्टेंबरमध्ये विधान परिषदेची मंजुरी. बळजबरी, फसवणूक, गैरवाजवी दबाव, आमिष, लग्नाचं वचन यांनी धर्मांतर केल्यास तीन ते पाच वर्षं कैद आणि २५ हजार दंड. स्त्रिया, अल्पवयीन, अनुसूचित जाती-जमाती यांच्या बाबतीत दहा वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार. आमिषाची व्याख्या रुंद आहे. भेटवस्तू, पैसा, नोकरी, धार्मिक संस्थेच्या शाळेत मोफत शिक्षण, चांगल्या राहणीमानाचं वचन, इतकंच काय दैवी कोपाची भीतीसुद्धा. धर्म बदलणाऱ्यानं तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे घोषणापत्र द्यायचं, बदलल्यावर पुन्हा कळवायचं. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं कायदा रद्द करायचा निर्णय घेतला, पण मंत्रिमंडळानं ठरवलं म्हणून कायदा जात नाही, त्याला विधिमंडळात विधेयक मंजूर व्हावं लागतं. म्हणून ‘तो कायदा आता नाही’ असं कोणी सांगितलं तर आधी खात्री करून घ्या.

सभेच्या अखेरीस कार्डावर नावं लिहून घेणं आणि ती कार्डं दुसऱ्या शहरात नेणं, हे ऐकूनच मला धडकी भरते. उद्या काही झालं तर ज्यांनी फक्त हात वर केला त्या गरिबांची नावं कोणाच्या हाती असतील? आणि जबाब द्यायला पोलीस ठाण्यात कोण उभं राहणार?

दुसरं, दलित कुटुंबांना बाप्तिस्म्याआधी स्पष्ट सांगा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच मिळतो. ख्रिस्ती झाल्यावर तो जातो. हे लपवून बाप्तिस्मा देणं मला पाप वाटतं. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब करा, असं प्रभू लूक १४ मध्ये स्वतः सांगतो.

खानापूर_घाट

आम्ही कॅथलिक, घरात कोंकणी. आमच्याकडे प्रौढ माणसाला स्नानसंस्कार द्यायचा तर आधी बराच काळ तयारी असते, बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्रीपर्यंत. त्या काळात त्याच्या बरोबर धर्मग्रामातलं एक माणूस जोडलेलं असतं, आणि संस्काराच्या वेळी ते शेजारी उभं राहतं. नंतरही ते नातं राहतं. तुमची पद्धत वेगळी असेल, पण एका माणसामागं एक माणूस, हे घेण्यासारखं आहे.

पुण्यात_नोकरी

मी धागाकर्त्यांच्या भागातलाच, आता हिंजवडीत. तरुणांची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. आम्हांला सभा हवी असते ती स्टेजच्या हौसेनं नव्हे. गावात आमच्या विश्वासाची लाज वाटायला लावतात, तेव्हा हजार माणसांत एकदा मोठ्यानं गावंसं वाटतं. वडीलधाऱ्यांनी हे समजून घ्यावं. मंडळीनं आम्हांला काम दिलं असतं तर आम्ही बाहेरच्यांकडे पाहिलं नसतं. मी दहा वर्षं त्या सोप्यात फक्त बाजाची पेटी उचलून ठेवलीय.

अंगणवाडी_ताई

दादा, पेटीचं वाचून वाईट वाटलं. कृत्यांच्या ११ व्या अध्यायात अंत्युखियाची मंडळी सुरू करणाऱ्यांची नावंसुद्धा दिलेली नाहीत. कुप्र आणि कुरेने इथले कोणी लोक, एवढंच. छळात पळून आलेले, बहुतेक तुमच्याच वयाचे असतील असं मला उगाच वाटतं. ते ग्रीक लोकांशी बोलले आणि तिथं मंडळी उभी राहिली. नंतर यरुशलेमेच्या मंडळीनं पाठवलेला बर्णबा आला तो काम हातात घ्यायला नव्हे. त्याला देवाची कृपा दिसली आणि तो हर्षित झाला. मग शौलाला शोधून आणलं आणि वर्षभर दोघं तिथं राहिले. तुमच्या मंडळीतले वडील बर्णबासारखे होवोत अशी प्रार्थना करते.

हिरण्यकेशी_काठ

दीड महिन्यानं परत येतोय. काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

संस्थेला आम्ही पत्र लिहिलं. या, पण मंडप नको, कार्डं नकोत. तुमच्यातल्या दोघांनी आठ दिवस आमच्या घरांत राहावं, आमच्याबरोबर लोकांकडे यावं, काय बोलायचं ते आम्हांला शिकवावं. त्यांनी नम्रपणे कळवलं की त्यांच्या वेळापत्रकात हे बसत नाही. मला त्यांच्याबद्दल राग नाही. मात्र आमच्यातले दोन तरुण नाराज होऊन दुसऱ्या फेलोशिपला, म्हणजे दुसऱ्या प्रार्थनागटाला, जाऊ लागले. त्यांच्या घरी मी तीनदा गेलो. एकजण बोलला, एकजण बोलला नाही. पेटी उचलणाऱ्याची पोस्ट मी त्यांना वाचून दाखवली. ती माझ्यावरच लिहिल्यासारखी होती.

मागच्या सतरंजीवर कोण बसतं ते बघितलं. तीन माणसं निघाली. दोघी कन्नड बोलणाऱ्या, आणि एक ऐकायला कमी येणारे आबा. आता शास्त्रवाचन आधी मराठीत आणि मग कन्नड सत्यवेदातून, म्हणजे बायबलातून, होतं. कन्नड वाचायला आमच्या मंडळीतली एक नववीतली मुलगी उभी राहते, तिची शाळा कन्नड माध्यमाची. पहिल्या रविवारी अडखळली. दोघींपैकी एका बाईनं बसल्या जागेवरून तिला शब्द सांगितला. तोवर त्या बाईंचा आवाज आम्ही ऐकलाच नव्हता. आबांना पुढं, पेटीजवळ बसवलंय.

आणखी एक. सध्या गळीत हंगाम आहे. आमच्या गावाबाहेर बीडकडच्या ऊसतोड कामगारांची टोळी उतरलीय, खोप्या घालून. त्यातल्या एका लेकराला ताप होता. माझी बायको त्या आईला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली, दोन रात्री तिथंच राहिली. पोर बरं झालं. त्यानंतर नवरा-बायको दोघं आपणहून रविवारी आले आणि दाराशी बसले. पुढच्या रविवारी परत. आम्ही काही विचारलं नाही. तिसऱ्या रविवारी त्या माणसानं विचारलं की हा येशू कोण, नीट सांगा. मी सांगितलं, मला येतं तसं, आमच्या बोलीत. मत्तयाचं एक शुभवर्तमान मागितलं ते दिलं. तो वाचतो, ती ऐकते. दुसरं काही घडलेलं नाही, आणि घडलं असतं तर मी त्याचा आकडा इथं लिहिला नसता.

हंगाम संपला की ते गावी जाणार. त्यांनी स्वतःहून विचारलं, आमच्या गावाजवळ तुमच्यासारखी माणसं आहेत का? मला ठाऊक नाही. माजलगाव-धारूर बाजूला एखादी लहान मंडळी कोणाच्या ओळखीची असेल, मोठी संस्था नको, घरी जाऊन बसणारी माणसं हवीत, तर कृपया मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. गावाचं नाव मी तिथंच सांगेन.

तंबाखूपेठ

व्यनि केलाय. माझ्या बायकोचं माहेर धारूरजवळ आहे. तिचा भाऊ जाऊन येईल.